ओंडक्यापासून फळीपर्यंत : करवतीच्या धंद्याचा मागोवा

सुतारकामाचा गौरव करावयाचा प्रसंग आला म्हणजे आपल्या ज्ञातीतील वक्ते आणि लेखक नक्षीदार खांब, देवघरे, पालख्या व रथ यांचे दाखले देतात. ते योग्यच आहे. परंतु खांबावर नक्षी उठण्यापूर्वी त्याचा ओंडका कोणी तरी चिरलेला असतो, आणि त्या चिरणाऱ्याचे नाव आमच्या स्मरणिकांत क्वचितच येते. खंडेनवमीस आपण पटाशी, वाकस, रंधा यांजबरोबर करवतीसही हळदकुंकू वाहतो. मग तिचा इतिहास एकदा तरी सविस्तर सांगितला पाहिजे, असे आम्हांस वाटले.

यंत्रे येण्यापूर्वी ओंडका चिरणे हे दोन माणसांचे काम होते. दोन लाकडांची कैची उभारून ओंडक्याचे एक टोक तीवर चढवीत, किंवा जमिनीत खड्डा खणून ओंडका त्यावर आडवा ठेवीत. गेरूत अथवा काजळीत भिजविलेले सूत ताणून त्यावर रेषा मारीत. एक गडी वर उभा राही, दुसरा खाली. रेषा सांभाळण्याची जबाबदारी वरच्याची. खालच्याच्या वाट्यास ओढण्याचे कष्ट आणि डोळ्यांत जाणारा भुसा. चिरलेला भाग मिटून करवत अडकू नये म्हणून मागे पाचर ठोकीत जावयाचे. दातांना कानशीने धार लावणे, व ते आलटून पालटून डावीउजवीकडे किंचित वळविणे, हे या कामाचे खरे मर्म होय. दात कमी फाकले तर करवत अडकते, अधिक फाकले तर लाकूड व्यर्थ भुशात जाते. ओंडक्याची पहिली चीर कोठे घ्यावयाची हा निर्णयही येथलाच. गाभा फळीच्या मध्यभागी राहिला तर ती फळी पुढे हमखास तडकते. तो ओळखून कडेला टाकणारा माणूस अक्षरशत्रू असला तरी अडाणी नव्हे.

लाकडाची किंमत आपल्या राज्यकर्त्यांनीही जाणली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (इ. स. १७१५ च्या सुमाराचे) आरमाराच्या प्रकरणी स्पष्ट आदेश आहे : सागवानादी वृक्ष हुजूरची परवानगी घेऊन तोडावेत, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावेत, आंबा व फणस हेही आरमारास उपयोगी खरे, तथापि ते वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ते लेकरांप्रमाणे वाढविलेले असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्यास राजी करून व मोल देऊन मगच तोडावे. पुढे १९६४ साली महाराष्ट्र राज्याने वृक्षतोडीच्या नियमनाचा जो कायदा केला, त्याच्या अनुसूचीत सागाबरोबर आंबा आणि फणस हे दोन्ही वृक्ष आहेत. अडीचशे वर्षांच्या अंतराने दोन राज्यांनी एकाच झाडांवर संरक्षणाचा हात ठेवावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मुंबईच्या गोदीत या विद्येची मोठी कसोटी लागली. १७३६ साली सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांचे वंशज यांनी तेथे पिढ्यान्पिढ्या जहाजे बांधली. हे घराणे पारशी होते, आणि त्यांचे श्रेय त्यांनाच दिले पाहिजे; उगाच परक्याचा मोठेपणा आपल्या ज्ञातीच्या पदरी बांधून घेणे आम्हांस रुचत नाही. ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिचे लाकूड मलबारी सागाचे. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलाने ते टिकतात; सागाचा मोठा गुण तो हाच. इंग्लंडातील हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार २००१ साली पूर्ण झाला, आणि ती आजही पाण्यावर तरंगते आहे. १८२१ साली मुंबईतच बांधलेली ‘गंगा’ (तिकडील उच्चार ‘गँजेस’) ही नौका १९३० मध्ये मोडली गेली, तेव्हा तिच्या कप्तानाची खोली डेव्हनमधील बर्ग बेटावरील हॉटेलात बसविण्यात आली. जहाज बांधणाऱ्यांची नावे ग्रंथांत आहेत. त्यांच्या फळ्या चिरणाऱ्यांची आम्ही कोठे वाचली नाहीत.

यानंतर वाफेच्या व पुढे विजेच्या करवतगिरण्या आल्या. याविषयी आपल्या मंडळींत जी हळहळ ऐकू येते ती आम्हांस अर्धीच मान्य आहे. खड्ड्यातला भुसा खाण्यात काही भूषण नव्हते, आणि जे काम दोन माणसांना दिवसभर पुरे ते पट्टा-करवत काही मिनिटांत करते. परंतु गिरणीस भांडवल लागते, ते आमच्यापाशी नव्हते. चिरण्याचे काम वखारीत गेले आणि सुतार तयार फळीचा गिऱ्हाईक झाला. ओंडका पाहून आतील लाकूड सांगण्याची जी दृष्टी होती, ती त्याबरोबर बोथट होत गेली. हानी झाली ती ही.

ती दृष्टी पुन्हा आवश्यक झाली जुन्या लाकडामुळे. शनिवारवाड्यास सागवान जुन्नरच्या रानांतून आणले असे सांगतात. तो वाडा १८२८ साली जळाला, तरी तशाच लाकडाचे अनेक खाजगी वाडे पुण्यात उभे होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठचे पुष्कळ पडले, आणि राहिलेल्यांपैकी कित्येक नव्या इमारतींसाठी पाडले गेले. त्यांतील तुळया, खांब आणि कडीपाट यांचे लाकूड सावकाश वाढलेल्या रानसागाचे आहे, आणि ते वाळण्याचे काम पेशवाईतच उरकले आहे. मात्र अशी तुळई चिरणे सोपे नाही. कुसू आणि खोबणी यांच्या जागा वगळाव्या लागतात, टोके वाळवीने पोखरलेली असतात, आणि आत खिळा राहिला तर करवतीचे दात जातात. धातुशोधक यंत्र फिरवून, शिवाय हाताने चाचपून, मगच करवत लावावी.

आता साखळी-करवतीकडे वळू. तिचा मूळ अवतार मोठा विलक्षण आहे : बर्नहार्ड हाइने या जर्मन गृहस्थाने १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी साखळीचे उपकरण केले. लाकडासाठी आन्द्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेची व १९२९ साली पेट्रोलची करवत काढली. ही करवत झाड आडवे कापण्यासाठी होती. तिच्या लांब पात्यास लोखंडी चौकट जोडून फळीची जाडी ठरविता येते, या जोडणीस ‘अलास्कन मिल’ म्हणतात. पहिल्या चिरेसाठी ओंडक्यावर सरळ फळी किंवा शिडी घट्ट ठोकावी लागते. पुढील चिरा त्या सपाट पृष्ठाच्या आधारे आपोआप सरळ येतात. आडव्या कापाच्या साखळीचे दात सुमारे तीस अंशांनी तासलेले असतात, उभ्या चिरेसाठी ते सुमारे दहा अंशांचे करावे लागतात. लांब पात्याच्या दुसऱ्या टोकासही एक मूठ असते, आणि तेथे दुसरा माणूस लागतो. म्हणजे खड्ड्यावरची ती जुनी जोडी परत आली, एवढेच की आता कोणी खाली उतरत नाही.

या यंत्राचा दोष झाकून ठेवणे बरे नव्हे. त्याची एक चीर सुमारे आठ मिलीमीटर लाकूड खाते; पट्टा-करवतीची दोन-तीन. दहा चिरांत ऐंशी मिलीमीटर, म्हणजे तीन इंचांहून अधिक सागवान भुसा होते. जेथे ओंडका गिरणीपर्यंत नेता येतो तेथे तो गिरणीतच न्यावा. साखळी-करवतीची जागा आहे ती ट्रक न पोचणाऱ्या वाडीत. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ आणि मे २०२१ च्या ‘तौक्ते’ वादळांनी कोकणातील आंब्या-फणसांच्या बागा आडव्या केल्या. अशा पडलेल्या झाडाचा बुंधा जागेवर चिरता आला नाही तर तो सरपणाच्या भावाने जातो, आणि धन्याचे दोन्हींकडून नुकसान होते. ज्या कुटुंबांत तरुण मुले नोकरीच्या शोधात आहेत, त्यांनी या कामाचा विचार अवश्य करावा. फक्त यंत्र हातात धरता येते म्हणून परवाना लागत नाही असे गृहीत धरू नये : सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून करवतगिरण्यांच्या परवान्यांवर कडक नजर आहे, आणि पडलेल्या झाडाच्या वाहतुकीचाही प्रश्न येतो. वनखात्याच्या कचेरीत आधी लेखी विचारणा करावी. कान, डोळे व पाय यांच्या संरक्षणाची साधने घेतल्यावाचून मुलाच्या हाती हे यंत्र देऊ नये, हे आईबापांस वेगळे सांगावयास नको.

चिरलेल्या ओल्या फळ्यांच्या टोकांस मेण अथवा रंग लावावा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून त्या सावलीत रचाव्यात, वर वजन ठेवावे. इंचभर जाडीस सुमारे एक वर्ष असा ढोबळ हिशेब आहे. दोन इंची फणसाची फळी आज चिरली, तर टेबलासाठी गिऱ्हाइकास दोन वर्षांनंतरचा वायदा द्यावा.