आंबेडकरी जलसा

आंबेडकरी जलसा : अस्पृश्यतेची कैफियत गीत, संवाद व अभिनय यांच्या द्वारे लोकांपुढे मांडणारा आणि त्यांना संघटित प्रतिकारास प्रवृत्त करणारा महाराष्ट्रातील लोकरंगप्रकार. सत्यशोधक जलशांची परंपरा आणि तमाशाचा घाट यांवर त्याची उभारणी झाली. मात्र देवस्तुतीला आणि गौळणीतील शृंगाराला त्यात फाटा मिळाला. १९२७ चा महाडचा सत्याग्रह व १९३० मध्ये सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह यांनी चेतलेल्या वातावरणात भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी हे जलसे मुंबई इलाख्यात गावोगाव नेले. मेलेली गुरे ओढणे सोडा, वतनाच्या भाकरीचा मोह टाका, मुले शाळेत घाला, असा त्यांतील उपदेश अगदी रोखठोक असे.

जलशाचे सामर्थ्य शब्दांइतकेच त्याच्या झिलेत आहे. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीवर शाहिराने चरण म्हणावा, झीलकऱ्यांनी तो उचलून धरावा, आणि दोन-तीन आवर्तनांनंतर समोर मांडी घालून बसलेल्या आयाबायांच्या तोंडून तोच उमटावा, अशा रीतीने पाणवठ्यावर एकट्याने गिळलेला अपमान साऱ्या वस्तीचा होई, आणि जो सर्वांचा झाला त्याच्या निवारणाची उमेदही सर्वांना मिळून वाटू लागे. पीडितांच्या प्रत्येक काव्याला असा श्रोता लगेच मिळतोच असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात अडकवून ठेवलेल्या चिनी स्थलांतरितांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या होत्या. १८८२ च्या चिनी-प्रवेशबंदी कायद्याखाली जाच सोसणाऱ्यांचे ते काव्य १९७० मध्ये पुन्हा प्रकाशात आले, आणि पुढल्या पिढ्यांनी त्याला आपल्या समाजाचा ठेवा मानले. जलशाला मात्र श्रोत्यांची अशी वाट पाहावी लागली नाही. तो जन्मलाच श्रोत्यांत.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी ही परंपरा भीमगीतांतून घराघरांत पोचवली. ज्यांना अक्षरओळख मोठेपणी झाली त्या या कवीची गीते निरक्षरांनाही मुखोद्गत आहेत, यापरते मोठे प्रशस्तिपत्र कोणते असणार? आशेची ही वाट निष्कंटक नव्हती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले आणि त्याने व्यथित झालेले शाहीर विलास घोगरे यांनी काही दिवसांतच आत्महत्या केली. ज्याच्या गाण्याने इतरांना धीर दिला त्याचाच धीर सुटावा, ही हानी कोणत्याही दप्तरात मावणारी नाही.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांबरोबर ही गाणी नवी मुंबईतही आली. डॉ. आंबेडकरांच्या जयंतीला (१४ एप्रिल) व स्मृतिदिनाला (६ डिसेंबर) तेथील वस्त्यांतून ती ऐकू येतात, ऐरोलीस त्यांचे स्मारकही उभे आहे. जातिभेद समुद्रापार गेला तशी त्याविरुद्धची एकजूटही गेली : अमेरिकेतील सिएटल नगर परिषदेने २०२३ मध्ये, दक्षिण आशियाई रहिवाशांच्या आग्रहावरून, जातीवरून होणाऱ्या पक्षपातास कायद्याने मनाई केली.