न्याहारीची रात्र

न्याहारी हा सकाळचा विषय आहे असे धरून जो या अभ्यासात शिरतो, त्याच्या हाती पाककृती लागतात, इतिहास मात्र निसटतो. सकाळी भूक असते, पण चूल थंड असते आणि कामाची वेळ झालेली असते. म्हणून सकाळचे गरम, भरपेट खाणे जिथे जिथे रुजले, तिथे ते आदल्या रात्रीच्या खटाटोपावर उभे राहिले. काहीतरी भिजत पडले, आंबत राहिले, निखाऱ्यांत सावकाश शिजले, नाहीतर कोणीतरी जागे राहिले. देशोदेशीच्या न्याहाऱ्या शेजारी मांडून पाहताना मला हाच धागा सर्वांत उपयोगी वाटला आहे. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाच्या हाती मी तोच देतो.

कैरोपासून सुरुवात करू. इजिप्तमध्ये गरीब-श्रीमंत सगळेच सकाळी फूल मुदम्मस खातात. बाकल्याचे वाळलेले दाणे मऊ शिजवायचे, वर तेल, लिंबू आणि जिऱ्याची पूड घालायची आणि ऐश बलदी या कोंडायुक्त गव्हाच्या रोटीबरोबर खायचे. कृती एवढीच. पण हे दाणे शिजायला कित्येक तास लागतात आणि नाईलच्या खोऱ्यात सरपणाची चणचण जुनीच. मध्ययुगीन कैरोत यावर निघालेला तोडगा असा सांगतात : सार्वजनिक हमामांचे पाणी तापवायला दिवसभर शहरातला कचरा जाळत, आणि रात्री हमाम रिकामे झाले की मागे उरलेल्या निखाऱ्यांत बाकल्याची मोठी भांडी पुरून ठेवत. या भांड्याला किद्रा म्हणतात. त्याचा गळा अरुंद असतो, त्यामुळे वाफ आतच फिरते, पाणी आटत नाही आणि दाणा न फुटता आतून पार मऊ होतो. पहाटे तीच भांडी विक्रेत्यांच्या हाती जात. एका शहराची न्याहारी त्याच्या स्नानगृहांशी आणि कचऱ्याशी अशी जोडलेली असते, हे नुसत्या पाककृतीवरून कधीच कळले नसते. रमजानमध्ये हेच फूल पहाटेच्या सहेरीला खातात, कारण ते पोटात दीर्घकाळ टिकते.

मेक्सिकोतली रात्र याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यापाशी मी थोडा जास्त थांबणार आहे. तिथे मक्याचे दाणे पाण्यात चुना घालून उकळतात आणि रात्रभर त्याच पाण्यात राहू देतात. हा चुना म्हणजे आपण विड्याच्या पानाला लावतो तोच. सकाळी दाणे धुतले की वरचे टरफल निघून येते. मग ते वाटायचे आणि टॉर्टिया थापायच्या. या भिजवलेल्या मक्याला निश्तमाल म्हणतात, आणि ही पद्धत युरोपीय लोक तिथे पोचण्याच्या कित्येक शतके आधीपासूनची आहे. आदल्या दिवशीच्या टॉर्टिया उरल्या की त्यांचे तुकडे तळून मिरचीच्या सालसात घोळवतात. हे चिलाकिलेस मेक्सिकोतल्या न्याहारीचा प्राण आहेत. ज्या घरात फोडणीची पोळी होते, त्या घराला हे समजावून सांगायला नको.

खरी गोष्ट पुढे आहे. कोलंबसानंतर मका युरोपात आला, पण चुन्याची ती रात्र मागेच राहिली. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या स्वरूपात असते. चुन्यात शिजवल्याशिवाय ते शरीराला फारसे मिळत नाही. उत्तर इटलीतला शेतकरी वर्षानुवर्षे पोलेंटावर, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठावर जगू लागला आणि त्याला पेलाग्रा जडला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, शेवटी भ्रम व्हायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी या रोगाचे वर्णन १७३५ साली केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तो पसरला, तेव्हा अनेक डॉक्टर तो संसर्गजन्य मानत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास अनाथाश्रमांतल्या आणि तुरुंगातल्या लोकांचा आहार बदलून पाहिला आणि दोष खाण्यात आहे हे दाखवून दिले. नेमके द्रव्य कॉनराड एल्व्हेहेम यांच्या हाती लागले ते १९३७ साली. धान्याने समुद्र ओलांडला, पण ते रोज वाटणाऱ्या बायकांचे ज्ञान कोणी जहाजावर चढवले नाही. त्याची किंमत दोन शतके गरिबांनी मोजली. खाद्यपदार्थांच्या प्रवासाचा इतिहास वाचताना पदार्थाबरोबर हात आले की नाही हे विचारायचे, ते यासाठी.

युरोपात तर बराच काळ न्याहारीलाच प्रतिष्ठा नव्हती. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी वेळेआधी खाणे हा खादाडपणाचा एक प्रकार मानला. मुले, आजारी माणसे आणि कष्टकरी यांना सूट होती, म्हणजे सकाळी खाणे हे दुर्बळाचे किंवा मजुराचे लक्षण ठरले. सतराव्या शतकात चहा, कॉफी आणि चॉकलेट आले आणि हे चित्र बदलू लागले. सिडनी मिंट्झ यांचा १९८५ सालचा ‘स्वीटनेस अँड पॉवर’ हा ग्रंथ इथे वाचायलाच हवा. गोड चहा आणि पाव यांवर इंग्लंडचा कामगार कसा उभा राहिला, आणि त्या साखरेसाठी कॅरिबियन बेटांवर गुलामांचे काय झाले, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र पाहिल्या.

त्या बेटांवरची न्याहारी त्याच हिशेबाची दुसरी बाजू दाखवते. जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ म्हणजे अकी आणि खारवलेला कॉड मासा. उत्तर अटलांटिकमधल्या कॉडचा हलका, युरोपात न खपणारा माल उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांसाठी पाठवला जाई. अकीचे झाड अठराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेतून आले. हे फळ झाडावर आपोआप उकलेपर्यंत विषारी असते, त्यामुळे ते कधी तोडायचे हे ठाऊक असणारी माणसे सोबत असावीच लागली. मासा रात्री पाण्यात टाकायचा, सकाळी खारटपणा उतरला की अकी, कांदा आणि मिरचीबरोबर परतायचा. ज्यांना निकृष्ट माल दिला गेला, त्यांनी त्यातून देशाला अभिमान वाटावा असा पदार्थ घडवला. या क्षेत्रातले इतके मोठे कर्तृत्व मला दुसरे माहीत नाही.

रात्रीचे हे काम घरातून कारखान्यात कसे गेले, हे अमेरिकेत बॅटल क्रीक इथे दिसते. तिथल्या सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग रुग्णांना शाकाहारी, सौम्य अन्न देत. १८९४ साली उकडलेला गहू तसाच पडून राहिला, आणि तो रुळांमधून काढला तेव्हा सलग पातळ पत्र्याऐवजी प्रत्येक दाण्याची वेगळी पापडी निघाली. भाऊ विल यांनी १९०६ साली मक्याच्या पापड्यांची कंपनी काढली. साखर घालण्यावरून दोघांत बिनसले, आणि साखर जिंकली. भिजवणे, वाटणे, निखारा राखणे, सगळे खोक्यात बंद झाले. ज्या बाईला पहाटे उठावे लागत होते तिच्यासाठी ही मोठी सुटका होती, आणि अभ्यासकाने ते मोकळेपणाने मान्य करावे असा माझा आग्रह आहे.

पण याच टप्प्यावर पुरावे तपासून घ्यावे लागतात. १९२० च्या दशकात बीच-नट या कंपनीचे बेकन खपवण्यासाठी जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेज यांनी एका डॉक्टरमार्फत हजारो डॉक्टरांना पत्रे पाठवली. भरपेट न्याहारी चांगली की हलकी, एवढाच प्रश्न होता. भरपेट चांगली, असे उत्तर आले आणि ते वर्तमानपत्रांतून बेकन-अंड्यांच्या जोडीने झळकले. सकाळच्या खाण्याबद्दलचा कोणताही आरोग्यविषयक दावा दिसला की तो कोणी आणि कशासाठी पुढे आणला, हे आधी पाहावे.

मराठी वाचकाला या अभ्यासात परका असल्यासारखे वाटायचे कारण नाही. कोकणातली आंबोळी, नाचणीची आंबील, रात्री भिजत घातलेला साबुदाणा ही सगळी रात्रीचीच कामे. त्यातला साबुदाणा, म्हणजे कसावाचे पिष्ट, शिवाय शेंगदाणा, मिरची आणि बटाटा हे चारही अमेरिका खंडांतून आलेले, आणि तरी उपवासाला चालणारे. आपल्याकडे एक असा ठेवाही आहे जो फार थोड्या भाषांकडे असेल. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. पहाटेच्या अंधारात दळणाऱ्या बाईला काय वाटत होते, हे तिच्याच तोंडून आलेले इथे सापडते. त्या ओव्या अन्नाच्या इतिहासाची साधने म्हणून वाचायला हव्यात. त्यांच्याजोडीने लक्ष्मीबाई धुरंधरांचे १९१० सालचे ‘गृहिणीमित्र’ ठेवावे : एकीकडे गावातले दळण, दुसरीकडे मुंबईतले सुशिक्षित स्वयंपाकघर.

आणि ज्यांना ग्रंथालयाबाहेर पडायचे आहे, त्यांनी गोव्यात पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीवर जावे. पहाटे सायकलवर भोंपू वाजवत दारोदार येणारा पाव तिथे लाकडाच्या आचेवर भाजला जातो. पूर्वी त्याचे पीठ माडाच्या सुरेने आंबवत. सूर काढणारे रेंदेर कमी झाले आणि बहुतेक भट्ट्यांनी यीस्ट धरले. सुरेचे प्रमाण, हवेप्रमाणे आंबण्याला लागणारा वेळ आणि भट्टीची आच हे सगळे जुन्या पोदेरांच्या तोंडून आताच उतरवून घ्यायला हवे. त्यासाठी संध्याकाळी, पीठ मळायच्या वेळेला जा.