काकांची हार्डडिस्क आणि २३१६ धोके

दिवाळीला पातूरला गेलो की पहिला दिवस फराळाचा आणि दुसरा दिवस गावातल्या समस्त बिघडलेल्या कॉम्प्युटरांचा, असा आमचा शिरस्ता आहे. इंजिनिअरिंगची डिग्री घेतली म्हणजे प्रिंटरपासून सेट टॉप बॉक्सपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं, असा घरच्यांचा ठाम समज. या वेळी नंबर लागला काकांचा.

काकांचा फोटो स्टुडिओ आहे. २००८ पासूनची लग्नं, साखरपुडे, बारशी, सगळं एका एक्स्टर्नल हार्डडिस्कवर. हाच बॅकप आणि हेच मूळ, कारण दुकानातला जुना पीसी कधीच भंगारात गेलाय. चुलतभावाने नवा लॅपटॉप घेतला, त्याला ती डिस्क लावली, अँटिव्हायरसने आपणहून स्कॅन केलं आणि स्क्रीन लालेलाल. "२३१६ धोके सापडले." खाली एक मोठं बटण : सगळे काढून टाका.

"हे पाह्य बरं, काय झालं याले? लाल लाल दाखवून रायलं," काका म्हणाले. "सारं डिलीट मारू काय?"

त्याच वेळी दुकानातल्या बाकावर जवळच्याच एका खेड्यातून आलेल्या एक ताई बसल्या होत्या. २०१० साली काकांनीच त्यांच्या लग्नाचे फोटो काढले होते. पावसाळ्यात घराची भिंत पडली, त्यात आल्बम भिजून एकजीव झाला. वडील मधल्या काळात गेले. त्यांचा धड असा एकही फोटो घरात नाही. "तुमच्याकडं असंन ना भाऊ?" एवढंच त्या विचारत होत्या.

"काका, हात लावू नका कशालाच," मी म्हटलं. का, ते सांगता सांगता मला व्हायरसांचा सगळा इतिहासच आठवत गेला. तोच या वीकेंडला इथे उतरवतोय.

सुरुवात लाहोरपासून. १९८६ साली बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोघा भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून त्याचंच नाव घेतात. गंमत म्हणजे पठ्ठ्यांनी त्यात स्वतःच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! ब्रेन बसायचा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना जो पहिला तुकडा वाचतो तिथे. पण मूळचा बूट सेक्टर तो पुसत नसे. दुसरीकडे नेऊन ठेवायचा आणि ती जागा 'खराब' म्हणून नोंदवायचा. म्हणजे फ्लॉपीत व्हायरस सापडला तरी तुमची पत्रं, तुमचे हिशेब बहुतेक वेळा जागच्या जागी. मूळ तुकडा शोधून परत पहिल्या जागी ठेवला की झालं. तरीही लोक घाबरून फ्लॉपी फॉरमॅट करायचे. रोग्यासकट रोग बरा!

मग आला मायकेलँजेलो. ६ मार्च १९९२ ला तो जागा होऊन हार्डडिस्कच्या सुरुवातीचा भाग पुसणार, अशी बोंब जगभर झाली. ५० लाख कॉम्प्युटर जातील अशी भाकितं होती, प्रत्यक्ष नुकसान त्याच्या पासंगालाही पुरलं नाही. पण लोकांना व्हायरस हा शब्द कळला. आपल्याकडे याच काळात पुण्यात कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले होते. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचा हा माणूस. दुकानात येणाऱ्या मशीन्समध्ये व्हायरसच्या केसेस वाढत चालल्या होत्या, आणि धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. त्याने लिहिलेल्या टूल्समधून पुढे १९९५ च्या सुमाराला 'क्विक हील' बाजारात आलं. नाव बघा. लवकर बरं करणारं, मारणारं नव्हे. दुरुस्तीच्या दुकानातून आलेल्या माणसांचं नाव शोभतं. त्या काळातले बरेच व्हायरस प्रोग्रामच्या फायलीला जळूसारखे चिकटायचे, त्यामुळे जळू काढून फाईल जगवता यायची.

पुढे गणित बदललं. वर्म्स आणि ट्रोजन आले. यांच्यात फाईलला चिकटणं वगैरे भानगडच नाही, अख्खी फाईल म्हणजेच रोग. मग बरं काय करणार? डिलीट. हळूहळू डिलीट हाच डीफॉल्ट उपाय झाला आणि आपल्या सगळ्यांच्या बोटाला तीच सवय लागली. वापरात असलेल्या मशीनवर ती सवय ठीकच आहे. बॅकपवर मात्र ती घात करते.

का, ते बघा. थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्राममध्ये अख्खं इनबॉक्स एकाच फायलीत असतं. एखाद्या जुन्या मेलला व्हायरसवाली अटॅचमेंट असेल आणि अँटिव्हायरसने ती 'फाईल' उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली, तर सोबत दहा वर्षांचा पत्रव्यवहार जातो. कंपन्यांचे बॅकप तर आणखी गुंतागुंतीचे. रविवारी पूर्ण कॉपी, नंतर रोज फक्त बदललेला भाग, आणि एकसारखे तुकडे एकदाच साठवायचे. मधला एक तुकडा उपटला की त्याच्यावर उभे असलेले सगळे दिवस कोसळतात. म्हणून आमच्या धंद्यात बॅकपमध्ये काही सापडलं तर आत हात घालत नाहीत. त्या तारखेवर 'संशयित' असा शिक्का मारतात, ती कॉपी नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर उघडतात, तिथे साफ करतात आणि साफ झालेल्याचा नवा बॅकप घेतात. जुना तसाच कुलुपात.

शिवाय स्कॅनरचंही चुकतं. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाईल व्हायरस ठरवली. जगभरातली मशीन्स पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसली. ज्यांनी त्या दिवशी डिलीट न करता फक्त नोंद करायचं सेटिंग ठेवलं होतं, ते हसत चहा प्यायले असतील.

सापडलं म्हणजे तेच कारण, असंही नसतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की वीज यंत्रणेच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन घुसवले गेले असावेत. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज गेली ती मानवी चुकीने. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे टीव्हीवरच्या चर्चेत कुणालाच नको होतं. असो.

या सगळ्यातला मला सर्वात आवडणारा किस्सा मात्र आपल्या न्हावा शेवा बंदराशी जोडलेला आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा मालवेअर सुटला आणि मर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी गारद झाली. तिच्याच समूहातली कंपनी तेव्हाच्या जेएनपीटीत गेटवे टर्मिनल्स चालवत होती, तिथलंही काम ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच नाही म्हटल्यावर रस्त्यावर ट्रकची रांग लागणारच. मर्स्ककडे बॅकप नव्हते असं नाही, सर्व्हरांचे होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कंपनीत कोण कोण आहे आणि कुणाला कशाची परवानगी आहे, हे ठेवणाऱ्या चोपडीचा. असे सुमारे १५० कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. सगळे एकदमच गेले तर? हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

आणि वाचला कोण? आफ्रिकेतल्या घानाचा एक कंट्रोलर. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाइट गेली होती! वऱ्हाडात भारनियमनात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गहिवरून आलं. लाइट जाण्याने कुणाचं भलं झाल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं :-) घानाहून इंग्लंडला तो डेटा इंटरनेटवरून पाठवायला फार दिवस लागले असते, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटिश व्हिसा नव्हता. मग एक जण डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्याने ती इंग्लंडला नेली. पुढे दहा दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५००० पीसी नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी २०१८ च्या जानेवारीत दावोसला सांगितलं.

याला एक शेपूट आहे, त्याची चर्चा कमी होते. नॉटपेट्या पसरला तो एम. ई. डॉक या युक्रेनमधल्या टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. नंतर तपासात कळलं की त्या सॉफ्टवेअरच्या १४ एप्रिल २०१७ च्या अपडेटमध्येसुद्धा चोरदरवाजा होता. म्हणजे हल्ल्याच्या आदल्या दिवशीचा बॅकप वरून ठणठणीत, सगळ्या फायली उघडतायत, पण ते सॉफ्टवेअर ज्या मशीनवर होतं त्याच्या पोटात अडीच महिन्यांचा पाहुणा असू शकतो. स्कॅन केला असता तरी तेव्हा काहीच दिसलं नसतं, कारण स्कॅनरला तो पाहुणा अजून माहीतच नव्हता. तोच बॅकप महिन्याभराने स्कॅन केला तर लाल. बॅकप तोच, बदललं ते आपलं ज्ञान. त्यामुळे जुन्या बॅकपच्या रिपोर्टकडे मी आता 'काय काढायचं' अशी यादी म्हणून बघत नाही. कोण, कधी, कुठून आत आलं, याची ती बखर असते.

तर काकांची बखर उघडली. डिस्क विंडोजला न लावता लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर चालू केलेल्या मशीनला लावली, तीही फक्त वाचायच्या परवानगीने. २३१६ पैकी १९३४ फायली एकाच साइजच्या, फोल्डरचं चित्र लावलेल्या ईएक्सई. आठवतंय का मंडळी, कॉलेजच्या लॅबमधलं 'न्यू फोल्डर डॉट ईएक्सई'? तोच वंश. आणखी ३४१ शॉर्टकट. उरलेल्या ४१ म्हणजे कुठून कुठून गोळा केलेली सेटअप आणि, ते काकांना सांगू नका, दोन-चार क्रॅक. फोटोची फाईल? एकही नाही. (फोटोतून घुसणं अगदीच अशक्य नसतं. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला जेपेगच्या एका भोकासाठी पॅच काढावा लागला होता. पण इथे तसं काही नव्हतं.)

हा वर्म खरा फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचं बुजगावणं पुढे उभं करतो. एक्सपी ओळखीची एक्स्टेन्शन्स दाखवत नसे, त्यामुळे फोल्डर समजून लोक डबलक्लिक करत. पेनड्राइव्ह लावताच काही आपोआप चालू होणं मायक्रोसॉफ्टने एक्सपीवर बंद केलं ते थेट फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने. फायलींच्या तारखा लावल्यावर (त्या खोट्याही असू शकतात, पण इथे जुळल्या) पहिलं बुजगावणं निघालं मे २०१० चं. काका म्हणाले, त्या सीझनला करिश्मा आल्बम निघाले होते आणि पेनड्राइव्ह दर दोन दिवसांनी अकोल्याला लॅबला जायचा.

आता काकांनी ते बटण दाबलं असतं तर काय झालं असतं? बुजगावणी गेली असती, खरे फोल्डर लपलेलेच राहिले असते, आणि एक्सप्लोररमध्ये डिस्क जवळजवळ रिकामी दिसली असती. मग पुढची पायरी ठरलेली : "खराब झाली बाप्पा, फॉरमॅट करून टाका." त्या काळात किती पेनड्राइव्ह असे गेले असतील, देव जाणे.

फक्त फोटो, व्हिडिओ आणि पीएसडी नव्या डिस्कवर कॉपी करायला रात्रीचे दोन वाजले. प्रत्येक फाईलचा चेकसम मूळ फायलीशी जुळवून पाहिला. ताईंच्या लग्नाच्या फोल्डरमध्ये ४१२ फोटो. त्यातले ९ अर्धे करडे झालेले. तो व्हायरसचा प्रताप नव्हे, डिस्कच म्हातारी झालीय. वडील एकूण सहा फोटोंत सापडले. एकात मांडवाच्या खांबापाशी उभे, डोक्यावर फेटा, कॅमेऱ्याकडे पाठ अर्धी वळलेली आणि कुणावर तरी ओरडतायत. ताईंनी नेमका तोच मोठा करून मागितला. काकांनी पैसे घेतले नाहीत.

जुनी डिस्क पुसायची नाही हे काकांना पटवायला वेळ लागला. उद्या करड्या फोटोंसाठी एखादं चांगलं टूल आलं तर मूळ प्रत लागेल, असं सांगितलं तेव्हा कुठे पटलं. निघायच्या दिवशी पाहिलं तर कपाटात ती डिस्क जुन्या फ्लॅशगनशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली. वर काकांच्या अक्षरात चिठ्ठी : "बिमार हाय. लावू नये. फेकू बी नये."