भौमितिक अमूर्त चित्र : शिस्त आणि उत्स्फूर्तता

रेषा, चौकोन, वर्तुळ अशा आकारांवर उभे राहणारे, वस्तूचे चित्रण टाळणारे चित्र. काझिमिर मालेविच (१८७९–१९३५) व पीट मोंद्रियान (१८७२–१९४४) हे त्याचे युरोपातील प्रमुख प्रवर्तक. आखीव भाग तो शिस्तीचा आणि सुटा हात तो उत्स्फूर्ततेचा, ही रूढ विभागणी अपुरी आहे. मोंद्रियान अखेरच्या काळात रंगीत पट्ट्या कॅनव्हासवर चिकटवून त्या हलवून पाहत असे. काटेकोर दिसणारी मांडणी अशा चाचपडण्यातून येई. त्याचे ‘न्यूयॉर्क सिटी १’ (१९४१) हे पट्ट्यांचे चित्र बहुधा उलटे टांगले गेल्याचे २०२२ मध्ये पुढे आले. तरीही ते तसेच ठेवले गेले. फिरवले तर पट्ट्या सुटण्याची भीती होती.

नसरीन मोहमदी (१९३७–१९९०) : भारतीय चित्रकार. जन्म कराची. शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये चित्रकार वा. सं. गायतोंडे यांचा सहवास. १९७२ पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अध्यापन. निधन अलिबागजवळ किहीम येथे. आरंभीची कामे शाईच्या ओघळांची, झाडाझुडपांचा भास देणारी. सत्तरच्या दशकात शाई, पेन्सिल व नकशानविसाची साधने घेऊन त्यांनी कागदावर रेषांच्या जाळ्या विणल्या. पुढे जाळी विरून तिरक्या रेषा मोकळ्या जागेत तरंगू लागल्या. रेषा पट्टीने ओढलेली असली तरी कोठे विरळ व्हायचे, कोठे थांबायचे हे पट्टी सांगत नाही. उत्स्फूर्तता शोधायची ती तेथे. बहुतेक कामांना शीर्षक नाही, तारीखही क्वचितच. त्यामुळे कालक्रम पुष्कळसा शैलीवरूनच लावावा लागतो. अखेरच्या वर्षांत त्यांना मज्जासंस्थेचा विकार होता. रेषेच्या काटेकोरपणाशी त्याचा संबंध लावण्याबाबत मतभेद आहेत. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर संग्रहालयाच्या उद्घाटनावेळी त्यांचे प्रदर्शन झाले.

गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या आरंभीच्या चित्रांवर चित्रकार पाउल क्लेच्या भूमितीची छाप आहे. पुढे रोलर व सुरीने रंगाचे थर चढवताना-खरवडताना आकार विरघळत गेले. काम संथ, चित्रे मोजकी.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) : त्यांची ‘बिंदू’ मालिका याच भौमितिक वळणाची.

महाराष्ट्र–कर्नाटक सीमाभाग : बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्यामुळे रुजलेली परंपरा वास्तवदर्शी. बेळगावजवळच्या कंग्राळीसारख्या गावांत भूमिती दिसते ती दारापुढे, ठिपक्यांच्या रांगोळीत. ‘११ ते ६’ म्हणजे मधल्या ओळीत ११ ठिपके, दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ६ पर्यंत. संख्या ठरलेली, जोडणी काढणारीच्या हाती. या रांगोळीला अमूर्त चित्रात गणण्याबाबत एकमत नाही.