आप्तांचा शब्द

इंग्रजी 'ट्रोल'ला मराठी वर्तमानपत्रांनी 'जल्पक' हा शब्द दिला. ज्याने कोणी तो पहिल्यांदा वापरला, त्याच्या डोक्यात न्यायदर्शन, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, असावं असं मला आपलं वाटत आलं आहे. जल्प् म्हणजे बडबडणं, एवढ्यावरही हा शब्द निभावला असता. पण गौतमाच्या न्यायसूत्रांत जल्प ही नेमकी संज्ञा आहे. दोन पक्ष समोरासमोर बसून बोलतात त्याला तिथे 'कथा' म्हणतात आणि तिचे तीन प्रकार सांगतात. खरं काय ते कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात शब्दच्छल, फसवे दाखले, सगळं चालतं. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं तेवढं मोडायचं, ती वितंडा.

मराठीत येता येता या तिघांची नशिबं फिरली. वाद हा सर्वांत सभ्य प्रकार, पण मराठीत तो भांडण होऊन बसला. 'वाद घालू नकोस' असं आई म्हणते तेव्हा सत्यशोधन थांबव असं तिला म्हणायचं नसतं. वितंडेचं स्वतंत्र अस्तित्व गेलं आणि ती वादाच्या गळ्यात पडून 'वितंडवाद' झाली. गौतमाला हा समास ऐकवला असता तर तो गोंधळला असता, कारण त्याच्या लेखी एक असेल तिथे दुसरा असूच शकत नाही. जल्प तेवढा बोलीतून जवळजवळ नाहीसा झाला आणि मोबाइलबरोबर परत आला.

'ट्रोल'चं मूळ मात्र मासेमारीतलं. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ ओढत न्यायचा, त्याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. मग त्याच स्पेलिंगचा स्कँडिनेव्हियन लोककथांमधला राक्षस त्यात मिसळला. मुंबईजवळच्या न्हावा शेव्याच्या बाजूच्या कोळ्याची रीत उलटी आहे. त्याची डोल म्हणजे खुंटांना बांधलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. ती जागची हलत नाही; पाण्याची ओढ मासळी आत आणून सोडते. (एका फार लोकप्रिय गाण्यामुळे डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा, अशी कित्येकांची समजूत आहे. डोलकर म्हणजे डोल लावणारा.)

न्हावा आणि शेवा ही खरं तर दोन गावं, न्हावा पनवेल तालुक्यातलं आणि शेवा उरण तालुक्यातलं. बंदराने त्यांची नावं एकत्र आणली. बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं, त्याला जवाहरलाल नेहरूंचं नाव मिळालं, पण जगभरच्या जहाज कंपन्यांच्या कागदांवर आजही न्हावा शेवाच छापलं जातं. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू अटलबिहारी वाजपेयींच्या नावाचा. पण त्याच्याही लांबलचक सरकारी नावात शिवडीशेजारी न्हावा शेवा आहेच. गंमत म्हणजे पूल जमिनीला लागतो तो चिर्ल्याला.

गेल्या चार दशकांत विज्ञान, तंत्र आणि समाज यांच्यावरून महाराष्ट्रात जेवढी म्हणून भांडणं होतात, ती सगळी या एका किनारपट्टीवर येऊन गेली आहेत. त्यातली बरीच मोबाइलवर लढली गेली. पूल होत असताना शिवडीच्या चिखलातले रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उडून जातील असं एक बाजू म्हणत होती. पूल झाल्यावर दुसऱ्या बाजूने गुलाबी थव्यांचे फोटो पुढे पाठवायला सुरुवात केली: बघा, आलेत की! न्यायशास्त्रात अशा पुराव्याला नाव आहे, सव्यभिचार हेतू. व्यभिचार म्हणजे मराठीत आपल्याला कळतो तोच, पण तर्कात त्याचा अर्थ एकाशी बांधलेलं नसणं. जो पुरावा दोन्ही पक्षांच्या घरी जाऊन राहू शकतो, तो व्यभिचारी. एका हंगामातला थवा चिखल शाबूत असला तरी दिसेल आणि चिखल आक्रसत चालला असला तरी दिसेल, कदाचित उरल्यासुरल्या जागेत दाटीने बसल्यामुळे जास्तच गुलाबी दिसेल. फोटो खोटा नसतो. तो फक्त कोणाचाच नसतो. आणि हे उलट्या बाजूलाही लागू आहे. एखाद्या वर्षी थवा उशिरा आला की त्या रिकाम्या चिखलाचा फोटोही तितकाच व्यभिचारी.

न्यायसूत्रांत 'निग्रहस्थानं' बावीस सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे जिथे पोचल्यावर तुम्ही हरलात असं ठरतं ती जागा. त्यातलं एक प्रतिज्ञांतर, म्हणजे अडचणीत आल्यावर मूळ विधानच बदलणं. दुसरं अर्थांतर, म्हणजे विषय सोडून भलतीकडे जाणं. नवी मुंबई विमानतळावरचं बोलणं उलव्याची टेकडी फोडण्यावरून आणि नदीचा प्रवाह वळवण्यावरून सुरू व्हायचं आणि दहाव्या मिनिटाला विमानतळाला नाव कोणाचं यावर यायचं. नावाचा प्रश्न क्षुल्लक होता असं मी म्हणत नाही. २४ जून २०२१ रोजी इथल्या शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नावासाठी हजारो माणसं बेलापुरात, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोवर चालून गेली, त्यामागे फार जुना हिशेब होता. पण नदीचं काय झालं, हा वेगळा प्रश्न होता. मोबाइलवर निग्रहस्थान नसतं, त्यामुळे तिथे कोणी हरत नाही.

त्या जुन्या हिशेबाचा शब्द आहे प्रकल्पग्रस्त. मराठीतल्या सर्वांत भेदक सामासिक शब्दांपैकी हा एक, आणि तो कोणा भाषापंडिताने मुद्दाम घडवलेला दिसत नाही. ग्रस् म्हणजे गिळणं. त्याच धातूपासून ग्रास, ग्रासापासून आपला घास. सूर्य पुरता गिळला गेला की ग्रहण खग्रास. ग्रस्त म्हणजे गिळलेला. मराठीत त्याची बिरादरी कोणती? पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त, रोगग्रस्त. या सगळ्या आपत्तींच्या रांगेत लोकांनी प्रकल्पाला नेऊन बसवलं. आणि प्रकल्प म्हणजे काय? कल्पना ज्या धातूची, त्याच धातूचा. तेव्हा शब्द फोडून पाहिला तर प्रकल्पग्रस्त म्हणजे दुसऱ्याच्या कल्पनेने गिळलेला माणूस. 'वादग्रस्त जमीन' हाही इथल्या बातम्यांतला रोजचा शब्द. जमीन प्रकल्पाने गिळायच्या आधी तिला वाद गिळतो.

सरकारला हा शब्द रुचला नाही असं दिसतं. पुनर्वसनाच्या कायद्याच्या मराठी नावात आहे 'प्रकल्पबाधित'. बाधित म्हणजे बाधा झालेला. गिळण्यापेक्षा बाधा बरी. ती उतरते, तिच्यावर इलाज असतो, निदान भरपाई तरी असते. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. त्या पाचांना दरवर्षी अभिवादन होतं ते हुतात्मे म्हणून. बाधित हा शब्द तिथे कोणाच्या तोंडी येत नाही.

बाधित हा शब्दही मूळचा तर्कशास्त्राचाच, हे मात्र फारसं कोणी लक्षात घेत नाही. प्रत्यक्ष अनुभवाने आधीच खोटा ठरलेला हेतू, तो बाधित. पाठ्यपुस्तकी उदाहरण असं: अग्नी थंड असतो, कारण तो द्रव्य आहे, आणि पाणी हे द्रव्य थंड असतं. युक्तिवाद नेटका आहे. हात पुढे करून बघा म्हणजे झालं. शेवा कोळीवाड्यातल्या विस्थापितांना बंदरासाठी उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तेव्हा कागदावर पुनर्वसन पूर्ण झालं. त्या घरांना वाळवी लागली. भिंती, दारं, सामान पोखरलं गेलं आणि लोक कित्येक वर्षं पुन्हा दुसरी जागा मागत राहिले. त्या मागणीचा शब्द 'फेरपुनर्वसन'. पुनर्-मध्येच 'फिरून' आहे, तेव्हा व्याकरणाने पाहिलं तर फेर आणि पुनर् ही द्विरुक्ती झाली. पण एकदा नीट न झालेलं पुनर्वसन परत करायचं तर दुसरा शब्द आणायचा कुठून? व्याकरणाने इथे गप्प बसावं हे बरं.

आता थोडं विषाविषयी. २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीची संगणकयंत्रणा जगभर ठप्प झाली, आणि न्हावा शेव्यातलं त्याच समूहाचं जीटीआय टर्मिनलही अडलं. कंटेनरांच्या रांगा लागल्या. त्या व्हायरसचं नाव नॉटपेट्या. मराठी कानाला यापेक्षा चोख नाव मिळणार नाही, कारण पेट्याच हलेनात! (पेट्या हे रशियन प्योत्रचं घरगुती रूप, एवढंच.) व्हायरस हा लॅटिन शब्द, अर्थ विष, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते लॅटिन व्हायरस आणि संस्कृत विष ही एकाच मुळाची भावंडं. 'विषाणू' घडवणाऱ्याने भाषांतर केलं खरं, पण शब्द घरातलाच परत आणला. म्हणजे एखादं मत 'व्हायरल झालं' असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा ते विषारी झालं असंच म्हणत असतो, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं.

हे विष पसरतं कसं, याचं उत्तर मला 'आप्त' या शब्दात सापडतं. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप् म्हणजे पोचणं, मिळवणं. प्राप्त, समाप्त, पर्याप्त यांच्यातला तोच. जो विषयापर्यंत स्वतः पोचला आहे आणि जसं पाहिलं तसंच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. लग्नपत्रिकेत 'आप्तेष्टांसह' येण्याचं आमंत्रण असतं ते विषयतज्ज्ञांसाठी नसतं. विषयाच्या जवळचा होता तो आपल्या जवळचा झाला, आणि प्रमाण म्हणून त्याचा जो मान होता तो आपण तसाच चालू ठेवला. पुण्याच्या काकांनी पाठवलंय ना, मग असेल खरं. काकांना त्यांच्या साडूंनी पाठवलेलं असतं. पुलाखाली भूकंपाची भेग आहे, अमुक पक्ष्यांच्या आड परदेशी पैसा आहे, खारफुटीमुळेच डास होतात, असलं काहीही आप्तवाक्य म्हणून घरात येतं, आणि शंका घेतली की प्रश्न ज्ञानाचा राहत नाही, नात्याचा होतो. अशा वेळी 'शास्त्र असतं ते' म्हणून सुटकाही होत नाही, कारण मराठीत शास्त्र भौतिकाचंही असतं आणि सोवळ्याचंही.

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताच्या व्याख्येला एक पुस्ती जोडली आहे आणि ती मला सबंध भाष्यात सर्वांत मोकळी वाटते. हे लक्षण ऋषींना लागू आहे, आर्यांना आहे आणि म्लेंच्छांनाही, असं तो सांगतो. जात, पंथ, पदवी यांचा संबंध नाही; पाहिलंय का आणि सरळ सांगतोय का, एवढंच विचारा. हा निकष लावला तर न्हाव्याच्या खाडीविषयीचे आप्त कोण? जिताडा पूर्वी कुठे मिळायचा आणि आता कुठपर्यंत जावं लागतं, कुठल्या भरावानंतर डोलीतलं पाणी सुस्तावलं, तिवरांच्या मुळांतून निवट्या कधी दिसेनासा झाला, हे ज्याने हाताने पाहिलं तो. त्याच्या बोलीला शास्त्राने पूर्वी मान दिलेलाही आहे. शाळेच्या भूगोलात आपण उधाणाची भरती आणि भांगाची भरती शिकतो; हे शब्द विद्यापीठात तयार झाले नाहीत, किनाऱ्यावरून आले. उलट तिवराचं शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया हे इब्न सिना या मध्य आशियातल्या वैद्याच्या नावावरून ठेवलेलं. वात्स्यायनाला दोन्ही आप्त चालले असते.

वादाच्या जुन्या अर्थाला आज हक्काची जागा उरली आहे ती एकच, कोर्टाची पायरी. तिथे एक वादी असतो, एक प्रतिवादी, दोघांनाही आपलं म्हणणं मांडावं लागतं आणि पुरावा द्यावा लागतो. बाहेर 'पर्यावरणवादी', 'विकासवादी' ही शिक्क्यांची नावं; आत वादी म्हणजे ज्याचं गाऱ्हाणं आहे तो. उरण परिसरातले पारंपरिक मच्छीमार बंदराच्या भरावाविरुद्ध, तोडलेल्या तिवरांविरुद्ध आणि अडवलेल्या पाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या खंडपीठापुढे गेले, तेव्हा समोर बंदर चालवणारी जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी होत्या. खाडीत किती मासा होता आणि किती उरला, यावर तिथे दोन्ही बाजूंना बोलावं लागलं. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निकाल लागला: १६३० कुटुंबांना मिळून ९५ कोटी रुपयांहून अधिक भरपाई द्यावी.