प्रवासातील मतदार (रोडपाली, ता. पनवेल)

मतदानाच्या दिवशी केवळ प्रवासात आहे म्हणून मतदाराला दूरच्या गावाहून मत देता येईल, अशी तरतूद भारतीय कायद्यात नाही. ज्या यादीत नाव, तिथल्याच केंद्रावर हजर राहावे लागते.

कळंबोलीलगतचे रोडपाली विधानसभेला पनवेल आणि लोकसभेला मावळ मतदारसंघात येते. पोलाद बाजार, तळोज्याचे कारखाने आणि द्रुतगती मार्ग जवळ असल्याने घाटावरची व कोकणातली पुष्कळ कुटुंबे या भागात बिऱ्हाड करून राहतात. काहींचे नाव अजून गावच्याच यादीत असते. २०२४ च्या लोकसभेला सातारा, सांगली, रत्नागिरी-सिंधुदुर्ग येथे ७ मे रोजी आणि मावळात १३ मे रोजी मतदान झाले. म्हणजे गावी नाव असलेल्याला ७ तारखेला गाव गाठणे भाग होते, तर रोडपालीत नाव असून मुलांच्या सुट्टीसाठी गावी गेलेल्याला १३ तारखेपर्यंत परतणे.

टपाली मतदान सैनिक, निवडणूक कर्मचारी, प्रतिबंधात्मक स्थानबद्ध अशा ठरावीक वर्गांसाठी आहे. २०१९ मध्ये ‘अनुपस्थित मतदार’ हा वर्ग नियमांत आला: वृद्ध (आधी ८०, २०२४ पासून ८५ वर्षांवरील), ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेले आणि निवडणूक आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचारी. निवडणुकीच्या अधिसूचनेनंतर ५ दिवसांत नमुना १२-ड द्यावा लागतो. वृद्ध व दिव्यांगांच्या घरी मतदान पथक येते, पण ते मतदारसंघातल्या घरी. लेकीकडे नागपूरला गेलेल्या आजीला त्याचा उपयोग नाही.

स्थलांतरितांसाठी एकाच केंद्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेऊ शकणारे दूरस्थ मतदान यंत्र आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडले. अनेक पक्षांनी आक्षेप घेतले आणि २०२४ च्या निवडणुका त्याविनाच झाल्या. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांच्या दृष्टीने हे मोठे नुकसान आहे. हाती उरते ती १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १३५-ख ची भरपगारी सुट्टी. मतदारसंघाबाहेर कामाला असलेल्यालाही ती मिळते.

तात्पुरते बाहेर गेल्याने यादीतला हक्क जात नाही. मात्र दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही. म्हणून ज्यांचे बिऱ्हाड रोडपालीत कायमचे झाले आहे, त्यांनी नमुना ८ भरून नाव वेळीच इकडे आणावे. उमेदवारी अर्जांची शेवटची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव चढत नाही.