चालककक्षातील तिसरा आवाज

विमानाच्या चालककक्षातील माणसांची संख्या घटत गेली, तिचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात दूर पल्ल्याच्या प्रवासी विमानात कप्तान, सहवैमानिक, उड्डाण-अभियंता, नॅव्हिगेटर आणि बिनतारी संदेशक असे पाच जण असत. रेडिओवरून प्रत्यक्ष बोलणे सुलभ होताच मोर्स लिपी जाणणाऱ्या संदेशकाची गरज उरली नाही. डॉप्लर रडार व जडत्वाधिष्ठित दिग्दर्शनयंत्रे आल्यावर नॅव्हिगेटरही गेला. उरला उड्डाण-अभियंता. त्याच्यासंबंधीचा वाद अमेरिकेत इतका चिघळला की, राष्ट्राध्यक्षांनी त्यासाठी समिती नेमली. नव्या जातीच्या विमानांना दोन वैमानिक पुरेसे आहेत, असा निर्वाळा या समितीने १९८१ मध्ये दिला. आणि १९८२ मध्ये बोइंग ७६७ हे विमान दोनच वैमानिकांसह प्रवासी सेवेत आले.

हा वृत्तांत खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. कक्षातून गेलेला प्रत्येक मनुष्य केवळ एक कामकरी नव्हता. तो एक बोलणारा व ऐकणाराही होता. तेव्हा तिसरा मनुष्य हवा की नको, या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: तो असताना त्याचे बोलणे ऐकले जात होते काय?

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या डच विमानात तिसरा मनुष्य होता. दुसरे विमान अद्याप धावपट्टीवरून दूर झाले नाही काय, अशी शंका विचारली ती या उड्डाण-अभियंत्यानेच. ज्येष्ठ कप्तानाने ठामपणे उत्तर दिले आणि शंका तेथेच संपली. तत्पूर्वी सहवैमानिकाने नियंत्रकाला इंग्रजीत जे सांगितले होते, त्याचा अर्थ ‘उड्डाणाच्या जागी सज्ज आहोत’ असाही होत होता आणि ‘उड्डाण करीत आहोत’ असाही. नियंत्रकाने पहिला अर्थ घेतला. ‘आम्ही उड्डाणावर आहोत’ असे मराठीत म्हटले तरी हीच संदिग्धता उरते.

पुढल्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंडजवळ एक डीसी-८ विमान इंधन संपून कोसळले व दहा जण दगावले. चाकांतील बिघाडाचा उलगडा करण्यात कप्तान सुमारे तासभर गुंतला होता. इंधन घटत असल्याचे उड्डाण-अभियंत्याला दिसत होते आणि तो ते सुचवीतही होता. पण त्याच्या बोलण्यात धोक्याची घोषणा नव्हती. आदराची मर्यादा वाक्यरचनेतच उतरली होती. मृतांत तोही होता.

या अपघातांचा परिणाम दूरगामी झाला. १९७९ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने वैमानिकांतील परस्परसहकार्यावर परिषद भरविली. त्यानंतरच्या प्रशिक्षणात कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, यावर भर आला. टेनेरिफनंतर ‘टेकऑफ’ हा शब्द रेडिओवर प्रत्यक्ष अनुमती देण्यापुरता किंवा ती रद्द करण्यापुरताच राखून ठेवण्यात आला. म्हणजे कक्षातील माणसे कमी होत असतानाच उरलेल्यांचे बोलणे अधिकाधिक नियमबद्ध होत गेले.

संख्या हेच संरक्षण नव्हे, याचा दाखला भारतातही मिळतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. कझाक विमानात स्वतंत्र बिनतारी संदेशक होता. नियंत्रकाशी इंग्रजीत बोलणे त्याचेच काम. परंतु उंची दाखविणारे यंत्र त्याच्यासमोर नव्हते. ते पाहावयाचे तर वैमानिकांच्या खांद्यावरून डोकवावे लागे. बोलणारा एक आणि विमान हाकणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. ठरलेली उंची ओलांडून विमान खाली आले.

उलट बाजूही नोंदविणे न्याय्य होईल. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत एका डीसी-१० विमानाची सर्व नियंत्रणे निकामी झाली. त्या वेळी तिघांच्या मदतीला प्रवाशांत बसलेला एक प्रशिक्षक वैमानिक आला आणि २९६ पैकी १८४ जण वाचले. तेथे चौघांचे चारही आवाज कामी आले.

आता एकाच वैमानिकाचा प्रस्ताव चर्चेत आहे. उड्डाणाच्या मधल्या टप्प्यातही कक्षात एकच वैमानिक ठेवल्यास आजच्याइतकी सुरक्षितता राहील, असे पुरेसे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष युरोपीय विमानसुरक्षा संस्थेच्या अभ्यासातून २०२५ मध्ये निघाला. थकवा, अचानक येणारे आजारपण ही कारणे उघड आहेत. परंतु वरील इतिहासातून आणखी एक कारण निघते. दोघांच्या कक्षात एकाची चूक दुसऱ्याच्या प्रश्नाने उघडी पडू शकते. एकट्याला प्रश्न विचारणारा कोणी नसतो. यंत्र इशारा देईल. पण टेनेरिफला उणीव इशाऱ्याची नव्हती. शंका उच्चारली गेली होती. तिच्यासाठी थांबणारा कोणी नव्हता.